एका मण्याचा फरक : प्रथिनांची रचना, त्यांचे कार्य आणि सिकलसेल



‘प्रथिने’ हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. डाळ, दूध, अंडी, मासे यांत प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे शरीराची वाढ होते, एवढे आपण शाळेत पाठ करतो. परीक्षेत त्याचे दोन गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मीही बरीच वर्षे एवढेच शिकवीत होतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या वर्गात एक मुलगा होता. मुलगा हुशार, पण महिन्यातून चार-सहा दिवस हमखास गैरहजर. थंडी पडली की हातपाय दुखतात म्हणून कवायतीच्या तासाला बसून राहायचा. त्याचे डोळे नेहमी पिवळसर दिसत. मी त्याला कामचुकार समजलो. दोन-तीन वेळा सर्व वर्गासमोर बाकावर उभेही केले. पुढे मोठ्या दवाखान्यात त्याचे रक्त तपासले, तेव्हा त्याला सिकलसेलचा आजार असल्याचे कळले. मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याच्या रक्तातील एका प्रथिनाच्या रचनेत एका जागी फरक होता आणि त्या एका फरकामुळे त्याची हाडे, सांधे, पोट सारे दुखत होते. विज्ञान शिकविणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावे, याची खंत मला आजही आहे. त्या खंतीपोटीच हा लेख लिहीत आहे. प्रथिने म्हणजे काय, त्यांचे प्रकार कोणते, त्यांची रचना आणि कार्य यांचा संबंध काय, आणि हे सारे आपल्या घरातील लग्नकार्यापर्यंत कसे येऊन पोहोचते, याचा क्रमाने विचार करू.

१. प्रथिन म्हणजे काय?

‘प्रोटीन’ हा शब्द १८३८ साली प्रचारात आला. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी तो सुचविला आणि हॉलंडचे मुल्डर यांनी तो आपल्या लेखनात वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिल्या क्रमांकाचे’ असा आहे.

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची माळ होय. या माळेत वीस प्रकारचे मणी वापरले जातात. प्रत्येक मण्याचा काही भाग सारखाच असतो. त्या भागाने एक मणी दुसऱ्याला जोडला जातो. या जोडणीस ‘पेप्टाइड बंध’ म्हणतात. मात्र प्रत्येक मण्याला एक वेगळी शाखा असते आणि त्या शाखेवर त्याचा स्वभाव ठरतो. काही मण्यांवर ऋण विद्युतभार असतो, काहींवर धन. काहींना पाण्याची ओढ असते, तर काही तेलाच्या थेंबाप्रमाणे पाण्यापासून दूर राहतात. काही अगदी लहान, तर काही आडदांड. हे स्वभाव ध्यानात ठेवावेत, कारण पुढचे सारे त्यांच्यावरच अवलंबून आहे.

वीसच मणी, मग प्रथिने इतक्या प्रकारची कशी? आपली वर्णमाला आठवा. मोजक्या अक्षरांतून सारे वाङ्मय तयार झाले. १०० मण्यांची एक माळ घेतली आणि प्रत्येक जागी वीसपैकी कोणताही मणी चालेल असे धरले, तर ज्या निरनिराळ्या माळा होतील त्यांची संख्या लिहिताना १ या अंकापुढे १३० शून्ये द्यावी लागतील. आणि अक्षराचे महत्त्वही तेवढेच. ‘रक्त’ या शब्दातील पहिले अक्षर बदलले की ‘भक्त’ होतो. एक अक्षर बदलले, अर्थ पार बदलला.

या वीसपैकी नऊ आम्ले प्रौढ माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती आहारातूनच मिळवावी लागतात. ज्वारी, तांदूळ, गहू यांत लायसिन हे आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. म्हणून नुसती भाकरी किंवा नुसता भात खाण्यापेक्षा भाकरी-वरण, डाळ-भात एकत्र खाणे हिताचे. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पोटात गेल्यावर या प्रथिनांच्या माळा तुटतात, मणी सुटे होतात आणि त्याच मण्यांतून आपले शरीर स्वतःला हव्या त्या माळा ओवते.

२. रचनेच्या चार पायऱ्या

प्रथिनाची रचना समजण्यासाठी शास्त्रज्ञांनी तिच्या चार पायऱ्या मानल्या आहेत.

प्राथमिक रचना : मण्यांचा क्रम म्हणजे प्राथमिक रचना. इंग्लंडचे फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिन या प्रथिनातील मण्यांचा पूर्ण क्रम प्रथम शोधून काढला. इन्शुलिनमध्ये २१ आणि ३० मण्यांच्या दोन साखळ्या असतात. या कार्यासाठी सँगर यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

द्वितीयक रचना : माळ सरळ राहत नाही. तिच्या काही भागांना ठराविक वळण पडते. एक वळण स्प्रिंगसारखे असते, त्यास ‘आल्फा हेलिक्स’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात माळेचे पदर शेजारी-शेजारी येऊन घड्या घातलेल्या कापडासारखे पटल होते, त्यास ‘बीटा पटल’ म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पाउलिंग १९४८ साली ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणावर पडून होते. त्या वेळी त्यांनी कागदावर साखळी काढली, कागद दुमडून पाहिला आणि त्यातून त्यांना स्प्रिंगची कल्पना सुचली. सहकाऱ्यांसह त्यांनी ती १९५१ साली प्रसिद्ध केली. माळेला कोणते वळण घेणे शक्य आहे आणि कोणते अशक्य, हे दाखविणारा आलेख आपल्या देशातील जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास विद्यापीठात तयार केला. १९६३ साली प्रसिद्ध झालेला हा ‘रामचंद्रन आलेख’ आजही जगभर शिकविला जातो.

तृतीयक रचना : वळणे पडलेली माळ पुन्हा स्वतःभोवती दुमडते आणि तिला एक निश्चित आकार येतो. पाण्यापासून दूर राहणारे मणी बहुधा आत दडतात आणि पाण्याची ओढ असणारे मणी बाहेर येतात. ही घडी घालायला बाहेरून कुणी सांगावे लागते काय? अमेरिकेचे ख्रिश्चन ॲनफिन्सेन यांनी एक प्रथिन रसायनांच्या साहाय्याने पूर्ण उलगडले आणि मग ती रसायने काढून टाकली. प्रथिनाने आपली घडी आपोआप पुन्हा घातली. म्हणजे घडीची सर्व माहिती मण्यांच्या क्रमातच असते. या कार्याबद्दल त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चतुर्थक रचना : कित्येक प्रथिने एकाच साखळीची नसतात. दोन, चार किंवा अधिक घडी घातलेल्या साखळ्या एकत्र बसून काम करतात. रक्तातील हिमोग्लोबिन हे याचे उत्तम उदाहरण.

सारांश असा की, क्रमावरून घडी ठरते, घडीवरून आकार ठरतो आणि आकारावरून काम ठरते.

३. प्रथिनांचे प्रकार

आकारावरून प्रथिनांचे तीन मुख्य प्रकार पडतात.

(अ) तंतुमय प्रथिने : ही लांब दोरीसारखी असतात, पाण्यात विरघळत नाहीत आणि शरीराला बळकटी देतात. त्वचा, स्नायुबंध आणि हाडे यांतील कोलॅजन हे यातील प्रमुख. शेतकऱ्याच्या घरचा तिपेडी दोर पाहा. तीन पेड एकमेकांभोवती वळले की दोर तुटत नाही. कोलॅजनची रचना नेमकी अशीच, तीन साखळ्यांच्या पिळाची असते. हे रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ च्या सुमारास दाखवून दिले. या साखळ्यांत दर तिसरा मणी ग्लायसिन हा असतो, कारण तोच सर्वांत लहान मणी आहे आणि तीन पेडांच्या मधल्या अरुंद जागेत दुसरा मणी मावत नाही. हा पीळ घट्ट राहण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते व जखमा भरत नाहीत, यालाच स्कर्व्ही म्हणतात. आवळा, पेरू, लिंबू यांचे महत्त्व यातून कळावे. कातडी कमाविताना बाभळीची साल वापरतात, तेव्हा सालीतील द्रव्य या कोलॅजनलाच घट्ट धरून ठेवते आणि कातडे कुजत नाही.

केस, नखे, शिंगे, लोकर ही केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. केराटिन स्प्रिंगच्या रचनेचे, म्हणून लोकर ताणली जाते. रेशमातील फायब्रॉइन हे बहुतांशी पटलाच्या रचनेचे, म्हणून रेशमाचा धागा बळकट असतो, पण लोकरीसारखा ताणला जात नाही. भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा हातात घेऊन पाहिल्यास हा फरक सहज ध्यानात येईल.

(आ) गोलाकार प्रथिने : यांची माळ गुंडाळून गोळा झालेला असतो. ही बहुधा पाण्यात विरघळतात आणि शरीरातील धावपळीची कामे करतात. विकर अर्थात एन्झाइम ही अशीच प्रथिने होत. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर करते. विकराच्या अंगावर एक खोबण असते आणि तीत ठराविक पदार्थच बसतो. जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. रोगजंतूंना ओळखून पकडणारी प्रतिपिंडे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची असतात. त्यांच्या दोन हातांची टोके जंतूला धरतात आणि देठाकडील भाग शरीराच्या इतर संरक्षक यंत्रणेला हाक देतो. इन्शुलिनसारखी काही संप्रेरके आणि प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन हीही गोलाकार प्रथिनेच.

(इ) पटलातील प्रथिने : प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. त्या आवरणात काही प्रथिने दारासारखी बसविलेली असतात. त्यांचा आवरणात रुतलेला भाग पाण्यापासून दूर राहणाऱ्या मण्यांचा असतो. क्षार, साखर, पाणी यांची ये-जा या दारांतून होते.

कार्यावरून पाहिले तर बांधणी करणारी, हालचाल करणारी (स्नायूंतील ॲक्टिन व मायोसिन), वाहतूक करणारी, साठा करणारी (लोह साठविणारे फेरिटिन), संरक्षण करणारी, निरोप पोहोचविणारी आणि रासायनिक क्रिया घडविणारी, असे प्रकार सांगता येतात. नावे पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाचा आकार त्याच्या कामाला कसा साजेसा आहे, हे पाहावे.

४. घडी मोडली की काम संपले

अंडे उकडल्यावर त्यातील पांढरा बलक घट्ट होतो. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात, माळा एकमेकींत गुंततात आणि जाळे होते. मण्यांचा क्रम तोच राहिला, पण आकार गेला, म्हणून मूळचे कामही गेले. दूध विरजले की आम्लतेमुळे केसीन या प्रथिनाचे कण एकत्र येतात आणि दही लागते.

मधुमेहाच्या रुग्णास इन्शुलिनचे इंजेक्शन का देतात, गोळी का देत नाहीत, याचे उत्तरही येथेच आहे. इन्शुलिन हे प्रथिन आहे. ते गिळले तर जठर-आतड्यातील विकरे त्याला डाळीतील प्रथिनाप्रमाणेच पचवून टाकतात.

५. हिमोग्लोबिन

आता आपण मुख्य उदाहरणाकडे येऊ. आपल्या तांबड्या रक्तपेशी हिमोग्लोबिनने ठासून भरलेल्या असतात. एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू असतात. एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन आल्फा आणि दोन बीटा. आल्फा साखळीत १४१ मणी आणि बीटा साखळीत १४६ मणी, म्हणजे चारही मिळून ५७४ मणी झाले. प्रत्येक साखळीच्या घडीत ‘हीम’ नावाचा एक भाग असतो, त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो आणि तो प्राणवायूचा एक रेणू धरतो.

चार साखळ्या कशासाठी? स्नायूंत मायोग्लोबिन नावाचे एका साखळीचे प्रथिन असते. ते प्राणवायू घट्ट धरून ठेवते, म्हणून साठ्याला चांगले. परंतु हिमोग्लोबिनला फुप्फुसात प्राणवायू घ्यायचा असतो आणि हातापायांत सोडायचाही असतो. एका साखळीने प्राणवायू धरला की सबंध रेणूचा आकार किंचित बदलतो आणि उरलेल्या साखळ्यांना तो धरणे सोपे जाते. सोडतानाही तसेच. चौघांनी मिळून केलेले हे काम एकट्याला साधत नाही. मायोग्लोबिनची रचना जॉन केंड्र्यू यांनी आणि हिमोग्लोबिनची रचना मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधली. दोघांना १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

६. एक मणी बदलतो

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरील एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १९४९ साली पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकते. म्हणजे दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. रेणूच्या पातळीवर ओळखला गेलेला हा पहिला आजार होय. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका फरक शोधला. बीटा साखळीतील सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा असावयास हवा, त्या जागी व्हॅलिन होता. १४६ पैकी एकच मणी. जनुकाच्या भाषेत तर एकाच अक्षराचा बदल.

एवढ्याने काय बिघडते? मण्यांचे स्वभाव आठवा. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्याची ओढ असते. व्हॅलिन हा पाण्यापासून दूर राहणारा मणी आहे आणि तो येथे रेणूच्या बाहेरच्या अंगावर येऊन बसला आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार बदलतो आणि बीटा साखळीवर एक खोबण उघडते. शेजारच्या रेणूचा व्हॅलिन त्या खोबणीत जाऊन चिकटतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू जोडले जाऊन ताठ तंतू तयार होतात. गोलाकार प्रथिन जणू तंतुमय झाले. हे तंतू पेशीला आतून ढकलतात आणि मऊ, गोल, तबकडीसारखी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल पेशी १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. अंगातील पाणी कमी होणे, थंडी, ताप, अति श्रम यांमुळे त्रास वाढतो. प्लीहा निकामी होऊन जंतुसंसर्ग लवकर होतो. फुप्फुस आणि मेंदू यांनाही धोका पोहोचू शकतो. नवजात बालकात गॅमा साखळ्यांचे वेगळे हिमोग्लोबिन असते, त्यामुळे पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. म्हणून ‘जन्मला तेव्हा तर चांगला होता, कुणाची नजर लागली’ असा समज होतो. नजर, करणी, पूर्वजन्म यांचा येथे काहीही संबंध नाही. कारण आपल्यासमोर आहे, ते सहाव्या जागेवर आहे.

७. आपल्याच भागात का?

सिकलसेल हा आजार आफ्रिका, अरबस्थान, भूमध्य समुद्राचा परिसर आणि भारत येथे आढळतो. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासी आणि आसामच्या चहामळ्यांतील मजूर यांच्यात झाली. १९५८ साली मध्य भारतातील वाहकांविषयीचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात विदर्भातील आणि नंदुरबार-धुळ्याकडील अनेक समूहांत तो आहे. आदिवासी, अनुसूचित जाती, त्यांतून बौद्ध झालेला आपला समाज आणि काही इतर मागासवर्गीय समाज यांच्यात त्याचे वाहक आढळतात.

त्याचे कारण हिवतापात आहे. ज्याला एका पालकाकडून सिकलचे आणि दुसऱ्याकडून साधे जनुक मिळाले, त्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हे ॲलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ साली दाखविले. जंगल आणि हिवताप असलेल्या प्रदेशात हजारो वर्षे वाहक अधिक संख्येने जगले आणि हे जनुक टिकून राहिले. तेव्हा हा कोणत्याही जातीचा कमीपणा नाही की कुणाच्या कर्माचे फळ नाही.

मात्र लग्ने एकाच जातीत, त्याच गणगोतात होत राहिली की दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. आपल्या जातीतच विवाह करण्याचे बंधन हेच जातीचे मूळ लक्षण आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात मांडले. ते समाजशास्त्राचे विवेचन होते. रक्तपेशींच्या अभ्यासात त्या बंधनाचा आणखी एक तोटा आज आपल्याला दिसतो.

८. वाहक आणि रुग्ण

वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांतील फरक प्रत्येकाने समजून घ्यावा. वाहकाच्या पेशीत साधे हिमोग्लोबिन अधिक असते, म्हणून त्याला सहसा त्रास होत नाही. तो शिकू शकतो, खेळू शकतो, नोकरी व संसार करू शकतो. रुग्णाला मात्र दोन्ही पालकांकडून सिकलचे जनुक आलेले असते.

आता विवाहाचा हिशेब पाहा.

एक वाहक व एक निरोगी : प्रत्येक अपत्य वाहक होण्याची शक्यता ५० टक्के, रुग्ण होण्याची शक्यता नाही.

दोघेही वाहक : प्रत्येक अपत्याच्या वेळी रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, निरोगी २५ टक्के.

एक रुग्ण व एक निरोगी : सर्व अपत्ये वाहक.

एक रुग्ण व एक वाहक : निम्मी शक्यता रुग्ण, निम्मी वाहक.

ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेला नव्याने लागू होते. पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तिन्ही चांगली निघतील, असा अर्थ कुणी काढू नये. आणि दोष एकट्या आईच्या माथी मारू नये. रुग्ण अपत्याला निम्मा वारसा बापाकडूनच आलेला असतो.

९. आपण काय करावे?

पहिली गोष्ट, रक्ततपासणी. विद्राव्यता चाचणी ही सोपी व स्वस्त आहे, पण तिच्यावरून वाहक कोण व रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. इलेक्ट्रोफोरेसिस कशी चालते ते आता आपल्याला सहज समजेल. ऋण भाराचा मणी गेल्यामुळे सिकल हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात मागे राहते. पाउलिंगचा १९४९ चा प्रयोग आज जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आपल्यासाठी केला जातो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याचा लाभ घ्यावा.

दुसरी गोष्ट, विवाह. आपण पत्रिका, गुण, मंगळ यांना फाटा दिला आहे. त्याच धैर्याने बोलणी पक्की होण्यापूर्वी दोन्हीकडचे रक्ताचे अहवाल समोर ठेवावेत. वाहक असणे हा विवाहाला अडथळा नाही. दोन वाहकांचा विवाह होत असेल, तर तो निर्णय सर्व माहिती घेऊन आणि डॉक्टरांशी बोलून व्हावा. विवाह झालेलाच असेल, तर गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीस तपासणी करून सल्ला घ्यावा. मुलीचा अहवाल मागायचा आणि मुलाचा लपवायचा, हा प्रकार आपल्या समाजात शोभणारा नाही.

तिसरी गोष्ट, उपचार. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील गॅमा साखळ्यांचे हिमोग्लोबिन पुन्हा अधिक प्रमाणात तयार होते. त्यात सहाव्या जागेचा दोष नसतो, म्हणून तंतू कमी होतात आणि वेदनेचे प्रसंग घटतात. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, लसी वेळेवर घ्याव्यात आणि ताप आल्यास त्वरित दवाखाना गाठावा. रक्त कमी आहे म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. येथे कमतरता बहुधा लोहाची नसते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यता मिळाली. तो आज फार खर्चिक आहे, पण वाट खुली झाली आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, ही बाबही रुग्णांच्या पालकांनी ध्यानात ठेवावी.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी. वर्गातील एखादे मूल वारंवार आजारी पडत असेल, हातपाय दुखतात म्हणत असेल, तर छडीपूर्वी रक्ततपासणी सुचवावी. त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, लघवीला जाण्यास अडवू नये आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्यास मदत करावी.

शेवटी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, हे क्षेत्र संपलेले नाही. मण्यांच्या क्रमावरून प्रथिनाची घडी संगणकाच्या साहाय्याने सांगणारे डेमिस हसाबिस व जॉन जम्पर आणि नवी प्रथिने रचणारे डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वस्त्यांत हा आजार आहे, त्या वस्त्यांतील मुलामुलींनी या संशोधनात उतरावे. ज्याने घरात ही वेदना पाहिली आहे, त्याला या विषयाचे मोल कुणी शिकवावे लागत नाही.

माझ्या वर्गातील त्या मुलाला मी बाकावर उभे केले, ती माझी चूक अज्ञानाची होती. आता ते सहाव्या जागेवरचे कारण आपणा सर्वांना माहीत झाले आहे. यापुढे अशी चूक कुणाच्या हातून घडू नये, आणि हा लेख वाचून ठेवून देण्याऐवजी घरातील प्रत्येकाने एकदा रक्त तपासून घ्यावे, एवढीच विनंती.